उंटाला शिकवलेलं वाळवंट

आमची शाळा नुकतीच उर्दूची मराठी झाली होती आणि मी नवा मास्तर. वाळवंटाचा धडा पोरांच्या डोक्यात काही केल्या शिरेना. तेवढ्यात येरमाळ्याच्या जत्रेला निघालेला एक उंटवाला शाळेपुढच्या लिंबाखाली टेकला. मी सगळा वर्ग बाहेर काढला.

"चाचा, वाळवंट कसं असतं, सांगा ह्यांना."

त्यानं रुमालानं आधी उंटाचं नाक पुसलं, मग त्याच रुमालानं स्वतःचं. "म्या कुठं बघितलंय, मास्तर? आमी सोनारीचे. ह्यो बी सोलापूरच्या वेशीवर जन्मला." मग उंटाला खाली बसवून पोरांना म्हणाला, "तुमीच सांगा त्याला. कळू द्या की, त्याचं गाव कसलं हाय ते!"

झालं! वर्गात मुकी बसणारी पोरं उंटाच्या कानाशी झोंबली. वाळूच्या टेकड्या, खजुरी, तंबूतली माणसं, सगळं ओरडून सांगू लागली. उंटवाला दर वाक्याला टाळी पिटायचा, "ऐकलंस का रं?"

शेवटी एक चिमुरडी पुढं झाली. "तिकडं रातच्याला लई थंडी पडती," ती उंटाला म्हणाली, "जाताना गोधडी ने."

उंटवाल्यानं लगेच खांद्यावरची घोंगडी काढून उंटाच्या पाठीवर पांघरली.

चैत्रातलं ऊन नुसतं मी म्हणत होतं.