आवाज बंद करून पाहिलेलं लग्न

देवळाली कॅम्पात लॅम रोडच्या एका गाळ्यात वाल्मीक गायधनीचं दुकान आहे. पाटीवर फोटो, शूटिंग, मिक्सिंग असे शब्द रंगवलेले आहेत आणि खाली डीव्हीडी हा शब्द नंतर चिकटवलेला आहे. वाल्मीक मूळचा पळशाचा. शेतीत मन लागेना म्हणून ब्याण्णवच्या सुमारास तो कॅम्पातल्या एका फोटोग्राफरच्या हाताखाली लागला आणि पुढे त्याच धंद्यात राहिला. जवानांच्या क्वार्टरमधली बारशी, बदली झालेल्या सुभेदाराचा निरोप, भगूरची लग्नं, सगळीकडे त्याचा कॅमेरा गेला.

त्या उस्तादानं त्याला सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवली होती. लाइव्ह आवाज ठेवायचा नाही. लग्नातला लाइव्ह आवाज म्हणजे जनरेटरची घरघर, रडणारी पोरं, माइक तपासणारा माणूस आणि ‘सरका, सरका’. गिऱ्हाइकाला तो नको असतो. म्हणून मिक्सिंग करताना मूळ आवाज पुसायचा आणि वर तयार ट्रॅक टाकायचा. वरातीला सनई, हार घालताना मंगलाष्टकं, पंगतीला सिनेमाची गाणी, पाठवणीला रडकं गाणं. सीझनमध्ये तयार ट्रॅकची ही एकच कॅसेट सगळ्या लग्नांना चाले. शूटिंगची मूळ कॅसेट महाग असे, म्हणून मिक्सिंग झालं की तिच्यावरच पुढचं लग्न शूट होई. नाशिकरोडपासून भगूरपर्यंत सगळे शूटिंगवाले असंच करत. त्यात कुणाला काही वाटत नसे. वाल्मीकलाही वाटलं नव्हतं.

दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये त्यानं नाशिकरोडच्या यादव दोंदे यांच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न शूट केलं. दोंदे तिथल्या सरकारी प्रेसमध्ये नोकरीला होते आणि सुटीच्या दिवशी बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावत. पांढरा शर्ट, जाड चष्मा, माइकची गरज नसलेला आवाज. वस्तीतली निम्मी लग्नं त्यांनीच लावलेली. पल्लवीचंही त्यांनीच लावलं. वाल्मीक समोरच कॅमेरा घेऊन उभा होता. बुद्धवंदना त्यानं ऐकली होती, वधूवरांची प्रतिज्ञा ऐकली होती. तरी दुकानात आल्यावर त्यानं नेहमीची कॅसेट लावली आणि हार घालतानाच्या चित्रावर मंगलाष्टकं चढली. पुढे दोन हजार पाचमध्ये त्यानंच त्या कॅसेटची डीव्हीडी करून दिली. डिस्क लावताच दिसणाऱ्या मुखपृष्ठावर गुलाबाची फुलं आणि वधूवरांची नावं टाकली. आवाजाकडे तेव्हाही पाहिलं नाही.

दोन हजार सातमध्ये यादव दोंदे वारले. दुसऱ्या वर्षी, पहिल्या स्मृतिदिनाच्या आधी, पल्लवी दुकानात आली. डीव्हीडी तिनं प्लास्टिकच्या पिशवीत, वर रुमाल गुंडाळून आणली होती.

“वाल्मीकदादा, ही नव्यानं करून द्या. वरचं संगीत सगळं काढून टाका. खालचा बाबांचा आवाज तेवढा ठेवा. विहारात लावायचीय.”

खाली आवाज नव्हता. संगीत हे साय काढावी तसं वरून काढता येईल, असं गिऱ्हाइकांना वाटतं. वाल्मीकला ते तिथल्या तिथे सांगता आलं असतं. काउंटरवर तेव्हा दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं.

“बघतो ताई. होऊन जाईल,” तो म्हणाला.

“नक्की ना? आईला मी सांगून ठेवलंय.”

“नक्की.”

दुकानात या कामाला डीव्हीडी फोडणं म्हणतात. डिस्कवर चित्र आणि आवाज मोठमोठ्या फायलींत एकमेकांत विणलेले असतात. त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आणि एका प्रोग्राममधून काढायच्या. एक फाइल नुसत्या चित्राची निघते, एक नुसत्या आवाजाची. मग हवे ते बदल करून दोन्ही पुन्हा जोडायच्या, नवं मुखपृष्ठ लावायचं आणि नवी डिस्क लिहायची. वाल्मीकनं आधी आवाजाची फाइल लावली. सनई, मंगलाष्टकं, गाणी. चित्राशिवाय ऐकल्यावर ते कुणाचंही लग्न होतं. एका गाण्यानंतर दुसरं सुरू होईपर्यंतच्या जागा तो कान देऊन ऐकत राहिला. तिथं फक्त कॅसेटची खरखर होती.

मग त्यानं मुकं चित्र लावलं. टेबलावर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. पल्लवी पांढऱ्या साडीत. यादवराव म्हणतायत आणि मंडप त्यांच्यामागून म्हणतोय, हे ओठांवरून कळत होतं. त्यानं दोन्ही फायली एकत्र चालवल्या आणि लगेच बंद केल्या. ओठ वंदना म्हणत होते आणि स्पीकरमधून मंगलाष्टकं येत होती. हे त्यानं स्वतः जोडलं होतं आणि जोडताना एकदाही पाहिलं नव्हतं.

दुकानाच्या माळ्यावर न नेलेल्या कामांचं खोकं होतं. त्यात विहितगावच्या एका लग्नाची कॅसेट निघाली. मुलाकडच्यांचं आपसात बिनसल्यामुळे ती कुणी नेली नव्हती, म्हणून तिचं मिक्सिंग झालं नव्हतं. ते लग्नही यादवरावांनीच लावलेलं. वाल्मीकनं कॅसेट लावली तेव्हा जनरेटर, पोरं, ‘सरका, सरका’ आणि त्या सगळ्याच्या वर यादवरावांचा आवाज खणखणीत ऐकू आला.

वंदनेचे शब्द प्रत्येक लग्नात तेच. म्हणण्याची चालही तीच. वाल्मीकनं विहितगावचा आवाज उतरवून घेतला आणि पल्लवीच्या लग्नाच्या चित्राखाली बसवायला घेतला. कुठे श्वास कापला, कुठे जरा ताणला. ओठ जुळत गेले. एकाच ठिकाणी जुळेनात. प्रतिज्ञेच्या आधी यादवराव थांबले होते. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, खाली पाहिलं, मग पुढे म्हणायला लागले. विहितगावच्या लग्नात ते कुठेच थांबले नव्हते. वाल्मीकनं ती जागा कापली आणि वर पाहुण्यांचा एक शॉट टाकला. आता सगळं सलग झालं. त्याच्या हातून इतकं सफाईदार काम क्वचितच झालं असेल. काम झाल्याचा निरोप मात्र त्यानं दोन-तीनदा लांबवला. पल्लवीचा फोन आला की मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं.

शेवटी पल्लवी आईला घेऊनच आली. मालनबाई काठी दाराशी टेकवून खुर्चीत बसल्या. वाल्मीकनं त्यांना चहा मागवला आणि डिस्क लावली. यादवरावांचा आवाज दुकानात भरला. पल्लवीनं तोंडावर पदर धरला.

“त्यांचाच हाय,” मालनबाई म्हणाल्या. चहा तसाच राहिला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “भाऊ, जरा मागं घ्या.”

त्यानं मागं घेतलं.

“इथं ते थांबले होते. चष्मा काढला होता. कुठं गेला चष्मा?”

“तिथं जरा खराबी होती, मावशी.”

“खराबी? मी बाजूलाच उभी होते ना. मी म्हणलं, काय हो, दुनियेची लग्नं लावली आन स्वतःच्या पोरीच्या टायमाला विसरला का? सगळा मांडव हसला. हे तर कुठं अडंनातच.” त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. “आवाज त्यांचा हाय. आमच्या लग्नातला नाय.”

वाल्मीकनं सांगितलं. पुसलेला आवाज, वर घेतलेलं दुसरं लग्न, विहितगाव. बोलताना तो माउसची वायर बोटाला गुंडाळत होता.

“म्हणजे आधी आम्हाला मंगलाष्टकं ऐकवलीत, आता विहितगावचं लग्न ऐकवताय,” पल्लवी म्हणाली. “वा दादा.”

“तुम्हाला कळलं होतं मंगलाष्टकांचं?”

“आम्ही काय बहिरे आहोत? पहिल्या दिवशीच कळलं. अख्खं घर बसलेलं बघायला. बाबा उठले, आवाज बंद केला आणि परत येऊन बसले. तेव्हापासून आमच्याकडे ते लग्न मुकंच बघतात. पाहुणे आले की सांगायचं, टीव्हीचा स्पीकर गेलाय.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“मी निघाले होते भांडायला. बाबा म्हणाले, पोरगं ओळखीचं आहे, सीझनची घाई असते, राहू दे.” तिनं डिस्कची पिशवी उचलली. “राहू दिलं. मला वाटलं, निदान खाली असेल.”

यादवरावांनी भांडण केलं असतं तर त्याच वर्षी मूळ कॅसेट कदाचित हाताशी असती, हा विचार वाल्मीकच्या मनात आला आणि त्याची त्याला आणखी लाज वाटली.

मालनबाई काठी घेऊन उठल्या. “विहितगावच्या पोरीला दिलेला आशीर्वाद माझ्या पोरीला कशाला? ती कॅसेट त्यांची त्यांना नेऊन द्या, भाऊ. आन आमचं मुकंच करा. चष्मा तेवढा होता तिथं ठेवा.”

वाल्मीकनं नवी डिस्क केली. मुखपृष्ठावरची गुलाबाची फुलं काढली, कापलेली जागा परत जोडली, आवाजाची फाइल जोडलीच नाही. विहितगावला तो स्वतः गेला. ते जोडपं आता एकत्र राहत नव्हतं. मुलीच्या आईनं कॅसेट घेतली आणि दार लावून घेतलं.

स्मृतिदिनाला विहारात तो प्लेअर आणि टीव्ही घेऊन गेला. मागच्या भिंतीशी उभा राहिला. पडद्यावर यादवरावांचे ओठ हलू लागले. मग मालनबाई बसल्या जागेवरून वंदना म्हणू लागल्या. शेजारच्या बाया, मग पुरुष, मग मागची पोरं. पडद्यावर यादवरावांनी चष्मा काढला तशा मालनबाई थांबल्या. सगळा विहार थांबला. यादवरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला आणि विहार पुढे म्हणायला लागला. शेकडो वेळा समोर उभं राहून ऐकलेले शब्द होते ते. वाल्मीकला त्यातला पुढचा शब्द येत नव्हता.

निघताना मालनबाईंनी त्याच्या हातात खिरीची वाटी दिली.

त्यानंतर वाल्मीक प्रत्येक डीव्हीडीत आवाजाचे दोन ट्रॅक घालतो. एक गाण्यांचा, एक जसाच्या तसा. रिमोटवरचं कोणतं बटण दाबायचं ते गिऱ्हाइकाला दाखवतो. बहुतेक जण ते विसरतात. पण दोन हजार आठच्या आधीची त्यानं शूट केलेली लग्नं नाशिकरोडच्या वस्तीत घरोघर आहेत आणि त्यांना कुठला दुसरा ट्रॅक नाही. कुणाच्या घरी तो गेला आणि टीव्हीवर लग्न चालू असलं, तर तो आधी आवाज चालू आहे का ते पाहतो. बंद असला तर चहा न घेता उठतो.