मूल सोबत आणणे अनिवार्य

नोकरीच्या कागदपत्रांच्या पडताळणीचा संदेश दोनच ओळींचा होता, आणि हिंदीत. ‘दस्तावेज़ सत्यापन गुरुवार, प्रातः ११ बजे. मूल साथ लाना अनिवार्य.’ चोवीस दिवसांची लेक मांडीवर घेऊन बसलेल्या दीपमालाने तो मनातल्या मनात वाचला आणि मोबाइल आईच्या हाती दिला. मीराबाईने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, अक्षरांखालून बोट फिरवले आणि तिचा चेहरा उजळला.

“पाय वं, सरकारले बी अक्कल आली! मूल सोबत आना म्हंते. म्हंजे तान्ह्या लेकराले घरी टाकून येऊ नोका म्हून.”

मीराबाई भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात पाचवीपर्यंत शिकलेली. रायपुरात येऊन तीस वर्षे झाली तरी हिंदी तिच्या कानांत शिरली होती, डोळ्यांत नव्हे. दवाखान्यात, बँकेत, रेशनच्या दुकानात सगळे जण ‘ओरिजिनल’ म्हणत. अस्सल कागदाला हिंदीत ‘मूल’ म्हणतात, हे तिच्या कानी पडण्याचे कारणच नव्हते. तिच्या लेखी मूल म्हणजे मूल. निवड यादीत नाव आल्यापासून दोन दिवस माय-लेकींत चाललेला तंटा या एका शब्दाने इतका अलगद मिटला, की तो शब्द दुरुस्त करण्याची दीपमालाची छाती झाली नाही.

तंटा पोरीला बाहेर नेण्याचा होता. सव्वा महिन्याच्या आत लेकराने उंबरा ओलांडू नये, ही मीराबाईची अट. “तू एकटी जा. मी पाजतो ना तिले डब्याचं दूध, वाटी-चमच्यानं. काहून एवढी जिद्द करून राहिली?”

“जिद नहीं है, आई,” दीपमाला म्हणाली होती. आईचे मराठी तिला पुरते कळे. उत्तर मात्र तोंडात हिंदीच येई, आणि माय-लेकींना त्यात काही वावगे वाटत नसे. “एक बार देखना है.”

काय पाहायचे होते, ते तिने आईला सांगितले नव्हते. नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतली होती, कंत्राटी. बहुधा शहराबाहेर, अभनपुरकडे मिळणार होती. पंधरा दिवसांत रुजू व्हायचे होते, आणि करारनाम्यात रजेविषयी एक ओळही नव्हती. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यापासून सहा वर्षे ती या यादीत आपले नाव शोधत आली होती. अडचण वेगळीच होती. तिला पान्हा फुटे तो फक्त एका जागी.

ती जागा म्हणजे रेल्वे क्वार्टरमधला, कपाटामागचा अडीच हातांचा कोपरा. वडील लहानू वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते आणि या घरातले सगळे आयुष्य कारखान्याच्या भोंग्यावर चालत आले होते. भोंगा झाला की दीपमाला शाळेला निघे. भोंगा झाला की वडिलांचा डबा भरला जाई. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारच्या भोंग्याचा लांबलचक सूर भिंतींतून झिरपत आत आला आणि तिच्या छातीत बारीक मुंग्या चालाव्यात तसे काहीतरी सुरू झाले. ब्लाउज भिजला. तेव्हापासून भोंगा, कपाटाची सावली आणि लेकीचे ओठ यांचा आपसांत जणू ठराव झाला होता. पंधराव्या दिवशी चौबे कॉलोनीतल्या डॉक्टरबाईंकडे पोरीला वजनासाठी नेले. तेवढ्याला मीराबाईचा नाइलाज होता. तिथे मात्र तासभर छातीला लावूनही थेंब उतरला नव्हता. पोर रडून निळी पडली होती, आणि परत येताना रिक्षात मीराबाई पुन्हा पुन्हा म्हणाली होती, “नजर लागली कोनाची तरी.” घरी पाऊल टाकताच दूध वाहू लागले होते.

म्हणून दीपमालाने मनाशी ठरवले होते. गुरुवारी, परक्या जागी, लेकीला अंगावर पाजता आले तर सही करायची. नाही आले तर कागद गुंडाळून घरी यायचे आणि त्यावर पुन्हा बोलायचे नाही. नवरा प्रफुल्ल भिलाईच्या कारखान्यात पाळीवर होता. त्याला फोनवर तिने एवढेच सांगितले, “जाके देखती हूँ.” तो म्हणाला, “देख. जो भी हो, मैं हूँ.” आणि मागच्या यंत्रांच्या घरघरीत त्याचा आवाज बुडाला.

फाल्गुन लागला होता. गुरुवारी सकाळी नवा रायपुरला, सरकारी कचेऱ्यांच्या नव्या वसाहतीकडे जाणारी बस जवळजवळ रिकामी होती. शहर संपले आणि रस्ते इतके रुंद झाले, की बस त्यांवरून चालते आहे की तरंगते आहे, हे कळेना. मोठमोठे चौक येत, त्यांत कुणी नसे. दिवे लाल होत, हिरवे होत, कुणासाठी ते समजत नसे. दूरच्या इमारती उन्हाच्या धुरकटीत जमिनीपासून हातभर वर उभ्या आहेतसे वाटे. दीपमालाला बाळंतपणातली झोप पुरी झालेली नव्हतीच. तिला वाटले, आपण अजून कपाटामागेच पडलो आहोत आणि हे सारे डोळ्यांच्या आत चालले आहे. पोर शालीत झोपली होती. मीराबाईच्या मांडीवर पिशवी होती, आणि तीत लंगोटांखाली दुधाच्या भुकटीचा डबा होता, हे दीपमालाला ठाऊक होते.

तिचा क्रमांक एकसष्ट. दिवाणखान्यासारख्या लांब खोलीत सुशील नावाचे बाबू एकेकाची कागदपत्रे पाहत होते, आणि बाराला तिसाव्या क्रमांकाची पाळी चालू होती. साडेबाराला पोर जागी झाली. आधी तिने मूठ चोखली, मग कुरकुरली, मग ती खरी रडू लागली. व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून दीपमालाने तिला पदराआड घेतले. ओठ लागले, ओढले, सुटले. पुन्हा लागले. भोंग्याची वेळ टळून गेली होती. इथे भोंगा कुठला? इथे थंड हवेच्या यंत्राची गुणगुण तेवढी होती. दीपमाला मान खाली घालून छातीकडे टक लावून पाहत राहिली, जणू डोळ्यांनीच दूध बाहेर ओढता येईल.

“बाई, आता नोको पाहू अंत,” मीराबाईने पिशवीत हात घातला. “गरम पानी मागून आनतो.”

“पाँच मिनट, आई. बाहर जाती हूँ.”

“उन्हात?”

ती उन्हात गेली, आणि पिशवी छातीशी धरून मीराबाई मागोमाग. आवाराच्या कुंपणाला एक फट होती, आणि फटीपलीकडे मोकळ्या रानात सावरीचे एकटे झाड होते. त्याच्या फांद्यांवर पान नव्हते, नुसती लाल फुले होती, आणि मधूनच एखादे फूल ‘टप्प’ करून जड पावलाने खाली येई. दोघी फटीतून पलीकडे आल्या, तर झाडाखाली एक पन्नाशीची बाई बसली होती. जवळच तिच्या दोन गायी चरत होत्या.

“काबर रोवत हे नोनी?” तिने विचारले. पोरगी का रडते, एवढे विचारायला तिला ओळखीची गरज पडली नाही.

दीपमाला उत्तर द्यायला गेली आणि अडखळली. सगळ्या गोष्टींना तिच्याकडे हिंदी शब्द होता, याला नव्हता. “पान्हा नहीं फूट रहा, दाई.” दाई म्हणजे इकडची आई.

बाई खळखळून हसली. “पन्हाथे तो गाय हा, बेटी! तैं का गाय अस?”

“आयकलं काय?” मीराबाई तडकली. “तुले गाय म्हनून राहिली ते! चाल इथून.”

“अई, रिसा झन, बहिनी,” रागावू नको, असे म्हणून त्या बाईने सरकून सावलीत जागा करून दिली. तिचे नाव बिसाहिन. हसू तिच्या तोंडावरून गेले नव्हते, पण आता ती कामाचे बोलत होती. “नवा कोठा म गाय तुरते नइ पन्हावय. वोला जगा चिन्हन दे.”

नव्या गोठ्यात गाय लगेच पान्हवत नाही. तिला जागा ओळखू दे. एवढे मीराबाईलाही कळले. तिच्या माहेरी गायी होत्या. नव्या गायीला खुंट्याभोवती फिरवून आणत, तिथली माती हुंगू देत, ते तिला आठवले असावे, कारण ती पिशवी खाली ठेवून बसली.

“अउ थन ला झन देख,” बिसाहिन म्हणाली. “देखे ले गाय दूध चघा लेथे.”

“वो तो खरं हाय,” मीराबाई अर्ध्या हिंदीत म्हणाली. “पायत बसलं का गाय दूध चोरते.”

बिसाहिन दीपमालाच्या मागे जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून वरून खाली तळहात ओढू लागली, सावकाश, कुठेही न थांबता. “वो देख,” ती म्हणाली, “वो चार मंजिल वाला. उहें मोर ससुर के खेत रिहिस. चना बोवत रेहेन.” त्या इमारतीच्या जागी सासऱ्याचे शेत होते, हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती; जागा ओळखीची करून देत होती, इतकेच.

दीपमालाने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा तिने त्या इमारतीकडे इमारत म्हणून न पाहता जमीन म्हणून पाहिले. चणा होत होता, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती. तिचा मोकळा हात आपसूक खाली गेला. ढेकूळ उचलून तिने बोटांत चुरडले. ते ना चिकटले, ना वाळूसारखे सुटले.

“मटासी?” तिने विचारले. पिवळसर, हलक्या मातीला इकडे मटासी म्हणतात, हे ती पुस्तकात शिकली होती.

“नइ वो! मटासी अइसन होथे?”

“तो कन्हार?” कन्हार म्हणजे काळी, भारी.

“कन्हार तरिया कोती हे,” बिसाहिनने तळ्याकडे हनुवटी उडवली. “ए हा डोरसा आय. दूनों के बीच के.”

डोरसा. दोन्हींच्या मधली. परीक्षेत तिने हा शब्द लिहिला होता, गुणही मिळवले होते. हातात तो आज आला. तिने चिमूट उन्हात धरली. करड्या रंगात पिवळा किती आणि काळा किती, ते पाहता पाहता तिला त्या ओसाड रानात चण्याचे वाफे दिसू लागले, बांधावर बसलेल्या बायका दिसल्या, त्यांच्या मांडीवरची पोरे दिसली; ती जन्मण्याच्या कितीतरी आधी इथे, याच ढेकळांवर, किती जणींनी पदर ओढून किती लेकरे पाजली असतील! एक फूल पडले. गाईने मान वळवून पाहिले. पाठीवरचा हात चालूच होता.

“चूप झाली,” मीराबाई हळूच म्हणाली.

दीपमालाने खाली पाहिले नाही. पण आता ऐकू येत होते: घोट, विसावा, घोट. दुसऱ्या बाजूने ब्लाउज गरम होऊन भिजत चालला होता आणि मुंग्यांची ती ओळखीची रांग खांद्यापासून उतरत होती. तिचे डोळे भरून आले. तेही तिने वाहू दिले.

“हव,” बिसाहिन म्हणाली. “पन्हा गे.”

“अन् हात तुहे मातीचे!” मीराबाई भानावर आली. “पोरीले लावशीन! धुय आधी!”

त्याच वेळी कुंपणाच्या फटीतून चौकीदाराचा आवाज आला. “इकसठ नंबर! दीपमाला कौन है? जल्दी आइए!”

पोरीचे एका अंगाचे पिणे अजून बाकी होते. दीपमालाने तिला वळवले. “आई, जाके बोल, आ रही है. दस मिनट.”

“अन् त्यायनं नाव काटलं तं?”

“नहीं काटेंगे. तू है ना.”

मीराबाई उठली, पदर खोचला आणि फटीतून तरातरा गेली. आत तिने काय सांगितले ते दीपमालाला नंतरही नीट कळले नाही. “सरकारनंच लेकरू घेऊन बलावलं, मंग पेऊ द्या ना तिले पोटभर,” असे काहीतरी ती सुशीलबाबूंना ठणकावत होती, असे चौकीदार म्हणाला.

दीपमाला खोलीत शिरली तेव्हा पोर खांद्यावर झोपली होती आणि शालीखाली तिचा ब्लाउज ओला होता. सुशीलबाबूंनी एकेक कागद पाहिला, शिक्के मारले आणि शेवटचे पान पुढे सरकवले.

“अभनपुर है. जाएँगी?”

“जाऊँगी,” ती म्हणाली. “बच्ची साथ रहेगी. दिन में चार-पाँच बार पिलाना पड़ेगा.”

सुशीलबाबूंनी पान उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले. “मैडम, इसका तो कोई कॉलम नहीं है.”

“तो किनारे पर लिख देती हूँ.”

उजव्या हाताच्या नखांत डोरसा अजून होतीच. खांद्यावरची पोर न हलवता तिने सही केली आणि कागदाच्या कडेला, रकान्यांबाहेरच्या पांढऱ्या पट्टीत, लेकीला कामाच्या जागी घेऊन येईन आणि तिथेच अंगावर पाजीन, असे नीट वळणदार अक्षरांत लिहिले. सुशीलबाबूंनी ते वाचले, थोडा वेळ पेन गालाला लावून बसले, मग त्या ओळीखाली आपली आद्याक्षरे टाकून बासष्टावा क्रमांक पुकारला.