हॉलमधल्या वालासाठी दिवा

बदलापूरच्या मांजर्लीत तळमजल्यावर राहणाऱ्या प्रत्येक घराचं, पाणी शिरलं की आधी काय उचलायचं, हे ठरलेलं असतं. आमच्याकडे सिलिंडर, कागदपत्रं आणि गाद्या. त्या वर्षी बियाण्याचा डबा खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर सासूबाईंनी तो उघडला. राखेत घोळवून ठेवलेले वाल भिजून फुगले होते आणि काहींना मोड फुटत होते.

हे वाल सासूबाईंच्या शेतातले. बदलापूरच्या बाहेर जिथे ते शेत होतं तिथे आता इमारती आहेत. भात कापून झालं की ओल असेपर्यंत त्याच जमिनीत वाल टाकायचा, ही तिकडची रीत. गावात उरलेली माणसं आता बाजारातलं बी आणतात. जुनं बी राहिलं होतं ते या डब्यात. मोड आलेला वाल पुन्हा वाळवून ठेवता येत नाही. एक तर लगेच लावायचा, नाहीतर सोलून बिरडं करायचं. बाहेर पाऊस थांबत नव्हता आणि उघड्यावर वाल कुजला असता. घरात लावावा, तर शेजारची इमारत इतकी जवळ की आमच्या खिडकीत ऊन येत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकू डबा बघून म्हणाल्या, "करून टाका बिरडं. मी येते जेवायला."

रंगाच्या रिकाम्या बादल्यांत माती भरून सासूबाईंनी वाल लावला आणि बादल्या हॉलच्या कोपऱ्यात मांडल्या. अंकुर आले, पण फिकट, लांब मानेचे, खिडकीकडे कलंडलेले. नवऱ्याने मोबाईलवरून झाडांसाठीचा दिवा मागवला. तो जांभळा निघाला. त्या उजेडात हिरवं पान काळं दिसायचं. पान उलटून माव्याची कीड पडलीय का बघायची सासूबाईंना सवय. त्यांना पान पिवळं की हिरवं हेही कळेना. जिन्यावरून काकूंनी विचारलं, "बार उघडला का ओ? ऑर्केस्ट्रा कधी चालू होणार?"

दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई उल्हासनगरला गेलो. दिव्यांच्या दुकानाचे मालक सिंधी गृहस्थ होते. मी डब्यांवरचे वॅटचे आकडे वाचत होते. ते म्हणाले की आकडा छापणाऱ्याच्या मर्जीचा असतो. जांभळ्यानेही झाड वाढतं, पण माणसाला झाड दिसत नाही. घरात ठेवायचं तर पांढरा घ्या. त्यांनी एक पांढरी ट्यूब टेबलावर लटकवून लावली.

"अम्मा, डब्बा छोडो. हात धरा खाली. सावली बघा."

ट्यूब उंच असताना हाताची सावली पुसट होती. त्यांनी ती खाली आणली तशी बोटं वेगवेगळी दिसू लागली. सावलीची कड धारदार झाली की झाडाला पुरेल, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई एकेका ट्यूबखाली तळवा धरत गेल्या, बाजारात वांगी दाबून बघतात तशा. चार-पाच नाकारून त्यांनी एक निवडली. घरी ती कपडे वाळत घालायच्या दांडीला दोऱ्यांनी बांधली, म्हणजे वेल वाढेल तशी वर ओढता येईल.

पुढचे काही दिवस आम्ही वेल बघत होतो. पानं गडद झाली, मान जाड झाली. वेलाचा शेंडा आधार शोधत गोल फिरायचा; सकाळी टीव्हीकडे, जेवणाच्या वेळी दाराकडे. फिरताना कधी दिसायचा नाही, फिरलेला दिसायचा. सासूबाईंचं आयुष्य वालात गेलं होतं, तरी वाल एवढा जवळून, बसल्या जागी, त्यांनीही पाहिला नव्हता.

गणपती येऊन गेले. वेल पडद्याच्या दांडीला पोचला. फूल मात्र नव्हतं. फूल नाही म्हणजे शेंग नाही, शेंग नाही म्हणजे बी नाही.

ट्यूब दिवसरात्र चालू असायची. बाळंतिणीच्या खोलीत काळोख करत नाहीत, दिवा तेवता ठेवतात. सासूबाईंनी वालालाही तोच नियम लावला होता आणि आम्हाला कुणाला त्यांनी बटण दाबू दिलं नव्हतं.

एका दुपारी पिकलेली पानं खुडताना त्या शेताचं सांगत होत्या. शेताकडेच्या रस्त्यावर दिव्यांचे खांब आले, त्या साली खांबाखालचा वाल शेवटपर्यंत नुसता पाल्यावर गेला. आतला सगळा वाल फुलला. दृष्ट लागली म्हणून सासऱ्यांनी तिथे काळं मडकं उलटं टांगलं होतं. एवढं सांगून त्या थांबल्या आणि डोक्यावरच्या ट्यूबकडे बघत राहिल्या.

"त्याला रात नव्हती मिळत गं," त्या म्हणाल्या. "यालाही नाय मिळाली."

त्या संध्याकाळपासून दिवेलागणीला ट्यूब बंद होऊ लागली. हॉलचा दिवाही पोचू नये म्हणून कोपऱ्यावर जाड चादर. टीव्ही लावला तर चालेल का, असं नवऱ्याने विचारलं. चादरीच्या आत जाऊन उजेड येतो का बघ आणि मग विचार, असं उत्तर मिळालं.

काही आठवड्यांनी पानाच्या बेचक्यातून एक ताठ दांडी निघाली. तिच्यावर पांढऱ्या कळ्या होत्या. सासूबाईंनी मला हात धरून तिथे नेलं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. पानाला डोळे नसतात, घड्याळ नसतं. तरी रात्र किती लांब आहे हे ते मोजत होतं, आणि हिशेब पटल्याशिवाय फुलायला तयार नव्हतं. उजेड निवडायला आम्ही उल्हासनगरपर्यंत गेलो होतो. काळोखही द्यावा लागतो हे आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नव्हतं.

शेंगा वेलावरच वाळल्या. तोवर भातकापणी उरकली होती. मूठभर बी अंबरनाथला भाचीकडे गेलं, तिच्या घरामागे जरा मोकळी जागा आहे. बाकीचं सासूबाईंनी बदलापूरच्या पुढच्या गावात, भावाच्या शेतात स्वतःच्या हाताने टाकलं. सगळं बी एकाच घरात ठेवायचं नाही, असं त्यांनी जाताना गाडीत सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला. "आक्का, वाल वर आलाय."

"किती?"

"सगळा."

त्यांनी फोन कानापासून काढला नाही. "परत सांग," त्या म्हणाल्या.