योगीराजसाठी सोडलेला चहा

ताडकळसच्या आठवडी बाजारात धुरपताबाईकडे वांगी घ्यायला जाणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळायच्या असत. वांग्याला नख लावून बघायचं नाही आणि योगीराजबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. नख लावलं तर शिव्या मिळत. योगीराजला नावं ठेवली तर वांगीच मिळत नसत.

हा योगीराज तिचा मुलगा नव्हे, भाचा नव्हे, नात्यागोत्यातला कुणीच नव्हे. येलदरी धरणाकडचं पोरगं. शाळेत असताना कबड्डीचे सामने खेळायला ताडकळसला आला होता. ढोपर फुटलेलं, रक्त गळतंय आणि हा बाजारात पेरू शोधत फिरतोय. धुरपताबाईने त्याला धरून बसवलं आणि शेजारच्या मसालेवाल्याची चिमूटभर हळद न विचारता उचलून ढोपरावर दाबली. पोरगं कळवळून "मावशे!" म्हणून ओरडलं आणि बाई त्याची मावशी झाली ती झालीच. पुढे तो मोठ्या लीगमध्ये देवगिरी संघाकडून खेळू लागला. टीव्हीवर मांडीवर थाप मारून चढाईला निघाला, की बाई शेजारणीला सांगायची, "ते ढोपर बघ. माझ्या हळदीचं हाय."

तिला खेळ कळत नव्हता असं कुणी समजू नये. लहानपणी पेडगावात ती पोरांच्या बरोबरीने हुतुतू खेळलेली. लग्न झालं, खेळ सुटला, दम तेवढा राहिला. अजूनही ती एका दमात गिऱ्हाइकाच्या सगळ्या खानदानाची विचारपूस करू शकते.

तर या बाईने मारुतीपुढे नवस बोलला : योगीराजच्या हातात लीगची ढाल येईस्तोवर मी चहाला शिवणार नाही.

दुसऱ्या कुणी चहा सोडला असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. धुरपताबाईचा चहा म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हती. सकाळी उठून चहा, भाकरीवर चहा, भांडणाआधी चहा, भांडण मिटलं म्हणून चहा. बशीत ओतून ती असा फुर्रकन ओढायची की बाजूची शेळी दचकायची. नवऱ्याने, दिनकररावाने, "चला, साखर वाचली," म्हणून सुस्कारा सोडला. हाल झाले ते किशनरावाचे. त्याचं हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक स्टो, तेही बरोबर बाईच्या दुकानासमोर. तो आलं ठेचू लागला की बाई इतक्या केविलवाण्या नजरेने पाही की शेवटी बिचाऱ्याने स्टोच पलीकडे फिरवून ठेवला.

पहिल्या वर्षी देवगिरी संघ आपटला. दुसऱ्या वर्षी मात्र थेट फायनलला गेला. त्या दिवशी नेमका बाजार. बाई आनंदाने इतकी हवेत होती की समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या चहाच्या कपात खारी बुडवून तिने कधी तोंडात टाकली, हे तिचं तिलाच कळलं नाही. कळलं तेव्हा खारी पोटात गेली होती.

संध्याकाळी अख्खी गल्ली टीव्हीपुढे जमली. शेवटची चढाई. संघ एका गुणाने पुढे. योगीराजने नुसतं तीस सेकंद घुटमळून सुखरूप परत यायचं, की ढाल आपली. आणि या पठ्ठ्याने, जवळ कुणी नसताना, रेषेबाहेर पाय टाकला. गुण गेला, मग जादा वेळेत सामनाही गेला. गल्लीने कपाळ बडवलं. पोरं म्हणाली, पाय घसरला. दिनकरराव म्हणाला, नशीब. खरं कारण एकट्या धुरपताबाईला ठाऊक होतं आणि ते तिच्या पोटात होतं.

तेव्हापासून तिने खारीसुद्धा सोडली. दर शनिवारी मारुतीला तेल वाहून ती म्हणायची, "माझ्या जिभेची सजा लेकराला कामून दिलीस?" वर्षभर हे पाप तिने एकटीने वाहिलं. रात्री झोप लागत नसे. हसावं का रडावं असं हे दुःख होतं, पण दुःख होतं.

आणि मग एका बाजाराच्या दिवशी मोबाईल दुरुस्तीवाला धम्मपाल फोन नाचवत धावत आला.

"मावशी, योगीराजला जलमभराची बंदी! सट्टेवाल्याकडून पैशे घेऊन त्यानं मुद्दाम पाय भायेर टाकला व्हता. सोता कबूल केलंय!"

आता बाई हंबरडा फोडणार म्हणून दोघीतिघी पदर सावरून तयारही झाल्या.

"कोन्ता पाय?" धुरपताबाईने विचारलं. "फायनलचा?"

"व्हय."

"नक्की पैशासाठी?"

"व्हय मावशी."

बाई ताडकन उठली. "म्हंजी माझी खारी न्हवती!" असं ओरडून तिने दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि वांग्यांच्या ढिगाभोवती चक्क फुगडीची एक गिरकी घेतली. "खारी न्हवती गं बाई! सट्टा व्हता!" मग खारीची सगळी हकिकत बाहेर आली आणि हसून हसून बाजार आडवा झाला. धम्मपालने व्हिडिओ काढला. अॅपवर योगीराजच्या नावाने पैसे लावलेली पोरं त्याला शिव्या घालू लागली, तशी बाई त्यांच्यावर उलटली, "तुमी जुगार खेळायलाव अन् त्याला चोर म्हनायलाव व्हय रे?" पोरं पांगली.

किशनरावाने आल्याचा फुल चहा आणून समोर ठेवला. "घ्या बाई. सुटल्या तुमी."

बाईने बशी उचलली. ओठापर्यंत नेली. आणि थांबली. नवस तर तसाच होता! योगीराजच्या हातात ढाल येईस्तोवर. त्याला जन्माची बंदी, म्हणजे हिलाही जन्माची.

सल्ल्यांना काय तोटा? किशनराव म्हणाला, परभणीहून एक ढाल विकत आणू आन् देऊ त्याच्या हातात. दिनकरराव म्हणाला, मारुतीला लीगमधलं काय कळतंय?

"त्यानं इमान इकलं," बाई म्हणाली, "म्हून मी बी इकू?" आणि तिने बशी खाली ठेवली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

तो व्हिडिओ कुठे कुठे फिरला कोण जाणे. पुढच्या बाजारी तोंडाला रुमाल बांधलेला एक गडी मोटारसायकलवरून उतरला आणि वांग्यांपाशी येऊन उभा राहिला. नखबिख काही न लावता त्याने सरळ बाईचे पाय धरले.

"मावशे, चुकलं."

धुरपताबाईने दम घेतला आणि त्या एका दमात जे काही बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दम संपला तेव्हा तिचे डोळे भरले होते. "तू हारलास त्येचं न्हाई रे. वरीसभर मी मलाच पापी समजले. तुझ्यापायी."

योगीराजने रुमाल सोडला. तो लहान पोरासारखा रडत होता. "मी काय करू, सांग."

बाईने त्याला दंडाला धरून मारुतीपुढे नेलं. मागे अख्खा बाजार. "देवा," ती म्हणाली, "ह्येचा नवस मी उचलला व्हता. आता ज्येचा त्येला वापस देते." मग त्याच्याकडे वळली. "तुझ्या हातात ढाल यायची न्हाई आता. गावच्या पोरी कबड्डी खेळायल्यात. शिकीव त्यांला. इमानानं खेळून त्यांच्या हातात ढाल यिऊस्तोवर तू चहा सोड. मंजूर?"

"मंजूर," योगीराज म्हणाला, आणि नारळ फोडला.

किशनरावाला इतका हर्ष झाला की सवयीने त्याने दोन कप आणले. धुरपताबाईने पहिला बशीत ओतला. पहिल्या घोटाला ती एकदम रडायला लागली, दुसऱ्याला हसायला लागली, आणि तिसरा असा फुर्रकन ओढला की बाजाराने टाळ्या वाजवल्या.

योगीराजचा हात नकळत दुसऱ्या कपाकडे गेला. बाईने त्याच्याकडे पाहिलं. हात जागच्या जागी थांबला, मग हळूच मागे आला.

"मावशे," तो कपावरची नजर काढत म्हणाला, "पोरी सरावाला कवा येतेत?"

"आल्यात कवाच्या. मैदानावरच हायेत," धुरपताबाई म्हणाली आणि दुसरा कप बशीत ओतायला लागली.