न फिटलेलं सुतक

आई शेवटची चार वर्षं माझ्या घरी, पिंपळवंडीला होती. जेवलेलं तिला आठवायचं नाही, मी कोण तेही नाही. पण परक्याच्या घरी फार दिवस राहू नये, हे बरोब्बर आठवायचं. रोज दुपारी पिशवी भरून ओट्यावर बसायची आणि मला म्हणायची, "बाई, लई केलंस माझं. आता माझा धाकला न्यायला येतोय."

धाकला म्हणजे माझा भाऊ. चाकणला कंपनीत आहे. दीड तासाची वाट, पण वर्षाकाठी दोनदा यायचा, तेही उभ्या उभ्या. लहानपणी माहेरी, आणे गावात, आई लांब पाण्याला जायची, तेव्हा त्याला मीच कडेवर वागवला. त्याच्यापायी माझी शाळा चौथीत सुटली. यातलं आईच्या डोक्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. लहानपणी मी फोडलेली लोणच्याची बरणी मात्र पक्की लक्षात होती. मरमर मरायचं मी आणि गोडवे त्याचे. सोयीचं तेवढं बरं आठवतं, असं मी तिला तोंडावर म्हणायचे. ती आजारी आहे हे कळत होतं, तरी डोकं फिरायचं.

एक दिवस कांदाकाढणी चालू होती. बाया शेतात, त्यांच्या चहाचं आधण गॅसवर, आणि आईनं सातव्यांदा विचारलं, "धाकला आला का गं?"

"मेला तो," मी म्हणाले. "आता न्हाई यायचा."

ती मटकन खाली बसली. ऊर बडवून रडली. अर्ध्या तासानं डोळे कोरडे, काही झालंच नाही जणू. त्या दिवशी पिशवीही भरली नाही. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या पंधरा दिवसांत मी तिला तेच आणखी चार वेळा सांगितलं. रडायची, विसरायची.

मग एका सकाळी तिनं देवाला हात लावला नाही. आंघोळ झाली की फूल वाहणारी बाई देव्हाऱ्यापासून चार हात लांब उभी. म्हणाली, "सुतक हाय ना आपल्याला." कोणाचं, ते तिला सांगता येईना. चहात साखर नको, केसांना तेल नको. कोपऱ्यात घोंगडीवर वेगळी बसायला लागली. "आई, कुणी गेलं न्हाई, मी खोटं बोलले," म्हणून मी शपथा घेतल्या. ती मान डोलवायची आणि तिथंच बसायची. तेरावं झालं, सुतक फिटलं, असंही सांगून पाहिलं, घरभर गोमूत्र शिंपडलं. दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा पहिलाच दिवस.

शेवटी भावाला फोन करून बोलावलं. कशासाठी, ते सांगायची माझी छाती झाली नाही. तो पेढे घेऊन आला, तिच्यासमोर बसला, एक पेढा तिच्या तोंडाशी नेला. तिनं त्याला निरखून पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"नगं, पावणं. आमच्यात सुतक हाय."

"कोण गेलं, आई?" त्यानं विचारलं.

तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं. चार वर्षं ती मला बाई म्हणत आली होती.

"माझ्या लेकीला इचारा," ती म्हणाली. "तिला ठावं हाय."