समोरचा पत्रा

नांदेडच्या रस्त्यावर समोरासमोर गाड्यांची दोन शोरूम आहेत. कंपन्या एकाच घरच्या, मालक एकच, फक्त पाट्या दोन. विक्रीवालाही दोन्हीकडे एकच; सकाळी निळ्या शर्टात अलीकडे असतो, दुपारनंतर लाल शर्टात पलीकडे. पिकअपच्या दारावर बोटं वाजवून म्हणतो, "ऐका दादा, हे लोखंड हाय. समोरचा नुसता पत्रा." रस्ता ओलांडला की तेच दार, तेच बोट, तेच बोलणं. आम्हाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण आपण ज्या बाजूला उभे असू, तिथलंच त्याचं खरं वाटायचं.

गाडी देताना चाकाखाली लिंबू तोच ठेवतो, नारळ तोच फोडतो आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकतो.

थोरल्या भावानं लाल शर्टाकडून गाडी घेतली, म्हणून मी निळ्याकडून घेतली. अर्धापूरच्या एकाच मळ्यातली केळी आम्ही दोन गाड्यांतून नेऊ लागलो. एकमेकांच्या गाडीला पत्रा म्हणता म्हणता आमचं बोलणंच तुटलं.

परवा माझ्या गाडीच्या मागच्या फाळक्याची कडी मोडली. मेस्त्रीनं भावाच्या कंपनीची कडी बसवली. ती अशी बसली, जशी काही तिथलीच होती. मी तडक शोरूमवर गेलो. तो लाल शर्टाची बटणं लावत होता.

"दोन्ही गाड्या एकच हायत, हे का न्हाई सांगितलं?"

"एकच हायत हे कुणालाबी दिसतंय, दादा," तो शांतपणे म्हणाला. "तुमाला भावापेक्षा भारी पायजे होती. ती मी दिली."