शंभर पावलं सरकलेला ओढा

शनिवारी सकाळी प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासत होते, तेव्हा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तीन वर्षांपूर्वी ती आमच्या भूगोल विभागातून एम.ए. होऊन बाहेर पडली. दिघीत राहते, वडील भोसरीत लेथवर होते. महाळुंग्याजवळ जमिनीचे नकाशे करणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिला नोकरी लागली होती आणि सोमवारी ती कायम होणार होती.

"मॅडम, माझा ओढा चुकलाय," ती म्हणाली.

एका गोदामाच्या प्लॉटचा नकाशा तिने केला होता. तिथला ओढा मुरूम टाकून कधीच बुजवलेला. आता तो फक्त जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशावर सापडतो. तिने टोपोशीट उपग्रहाच्या चित्रावर बसवलं, तेव्हा ओढा कुंपणाबाहेर गेला. बुजवलेल्या ओढ्यावर पाया खचतो, म्हणून त्या नकाशावरूनच गोदामाची जागा ठरली आणि सोमवारी पायाची खोदाई सुरू होणार होती. शुक्रवारी संध्याकाळी ती गोदामाच्या आखणीच्या खुंट्या तपासायला गेली, तर शेजारच्या शेताच्या म्हाताऱ्या मालकाने तिला हटकलं. "ए पोरी, वढा हितं हाय. आमी म्हशी धुतल्यात त्यात." आणि काठी रोवली ती आखलेल्या गोदामाच्या ऐन मधोमध.

मी विचारलं, रूपांतर केलं होतंस का? जुन्या टोपोशीटची मोजणी एका आधारावर झालेली असते, उपग्रहाची दुसऱ्या. मधलं रूपांतर राहिलं, तर सगळा नकाशा एकाच दिशेला शंभरेक पावलं सरकतो. त्या भागात जुना रस्ता किंवा विहीर उरलेली नाही, त्यामुळे डोळ्यांना खटकण्यासारखं काही नव्हतं.

ती म्हणाली, की मी वर्गात दिलेल्या पानावरच्याच पायऱ्या तिने केल्या होत्या.

ते पान विभागात संगणक आले तेव्हा मी हाताने लिहिलं होतं. दरवर्षी मुलं त्याची झेरॉक्स काढतात. कपाटातून काढून वाचलं. ती पायरी त्यात नव्हतीच. आमच्या वर्गात टोपोशीटवर टोपोशीट बसवायचो, तिची गरजच पडली नव्हती.

मग तिने खरा प्रश्न विचारला. सोमवारी कायम झाल्याचं पत्र हातात पडल्यावर सांगितलं तर? तोवर कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, सोमवारी तिथे खड्डा झालेला असेल. आत्ता सांग. मी येते. ती नको म्हणाली. मी चिखलीहून स्कूटर काढली.

कंपनीचं ऑफिस टायरच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. मी पोचले तेव्हा ती मॅनेजरसमोर उभी होती आणि सांगून झालं होतं. तो तिशी-पस्तिशीचा माणूस. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच अवघडल्यासारखं झालं.

"कळलं कधी?" त्याने विचारलं.

"काल संध्याकाळी."

"आणि मला आज साडेअकराला सांगतेस."

मी ओळख सांगून पान त्याच्यासमोर ठेवलं, ही पायरी मी शिकवलेलीच नाही म्हणाले. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं आणि परत केलं.

"मॅडम, मी हिला तुमचं पान बघून घेतलं नव्हतं."

त्याने गोदामवाल्यांना फोन लावून खोदाई थांबवायला सांगितली. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता, हा नुसता हो, हो करत होता. फोन ठेवून तिला म्हणाला, पत्र सोमवारी मिळणार नाही. तीन महिने पुढे, मग बघू. आज प्लॉटवर जा, नव्याने मोजणीचे बिंदू घे, संध्याकाळी नकाशा टेबलावर पाहिजे.

खाली आल्यावर ती मोजणी यंत्राची पेटी रिक्षात चढवू लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही यायला नको होतं. आता ऑफिसात म्हणतील, चुकली की बाईंना घेऊन येते."

बरोबर होतं तिचं. मी चूक कबूल करायला आले होते, पण तिचं एकटीने सांगणं त्यात झाकलं गेलं. सॉरी म्हणून ते भरून येण्यासारखं नव्हतं. बरोबर कोण येतंय, एवढंच विचारलं. शनिवारी मदतनीस नसतो, ती म्हणाली.

मी रिक्षामागे स्कूटर घातली. प्लॉटवर ऊन मी म्हणत होतं. तिने यंत्राचे तीन पाय रोवले, आणि पाणसळ लावलेला उंच पोल माझ्या हातात दिला.

"बुडबुडा मधे ठेवा," ती म्हणाली. "आणि मी सांगेपर्यंत हलू नका."